न्याय ड्रॉइंगमध्ये असतो, साईटवर तो मोजून घ्यावा लागतो

(यूएईतल्या एका कॅम्पमध्ये सुट्टीच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बसमध्ये, मेसमध्ये एक वाक्य मी कायम ऐकतो. "जगात न्यायबिय काही नसतो. ज्याच्या हातात पैसा, त्याचंच खरं." आज त्यावरच बोलणार आहे. मी वकील नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला सुपरवायझर आहे. मला ड्रॉइंग समजतं आणि साईट समजते, तेव्हा त्याच भाषेत सांगतो.

ड्रॉइंगमध्ये कॉलम सरळच असतो. साईटवर तो आपोआप सरळ राहत नाही. ओळंबा लावावा लागतो, टेप धरावी लागते. म्हणून काय ड्रॉइंग खोटं ठरतं का? न्यायाचंही तसंच आहे.

इथलं ड्रॉइंग बघा. २०२१ चा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. मालकाला तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही. भरतीचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद. मोडलं तर दर कामगारामागे ५,००० दिरहम दंड. भारताच्या नियमानेही नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

आता साईट बघा. तुमच्यातल्या किती जणांचा पासपोर्ट स्वतःच्या पेटीत आहे? एजंटाला किती मोजले आणि त्याची पावती आहे का? हात वर करू नका, मनातच उत्तर द्या.

दुसरी गोष्ट. कधी कधी ड्रॉइंगच कमी पडतं. ग्रॅच्युइटी बेसिक पगारावर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. समजा दोघांनाही महिना १,५०० दिरहम मिळतात. एकाचा बेसिक १,२०० आहे, दुसऱ्याचा ८००, बाकी भत्ता. पाच वर्षांनी पहिला ४,२०० घेऊन घरी जातो, दुसरा २,८००. काम तेच, ऊन तेच. हे कायदेशीर आहे, पण न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. म्हणून सही करायच्या आधी एकूण पगाराबरोबर बेसिकचा आकडाही वाचा.

मी पूर्वी जिथे होतो तिथे दोन गवंडी एकाच खोलीत राहायचे. दोघांचा सात महिन्यांचा ओव्हरटाइम थकला. धाकटा रोज रात्री वहीत तारीख आणि तास लिहायचा. थोरले, आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते हसायचे. "अरे, वरचा बघतोय की, लिहायचं कशाला?" तक्रार दोघांनीही केली. धाकट्याला बहुतेक सगळे पैसे मिळाले. काकांना कंपनीच्या कागदावर जेवढे तास होते तेवढेच मिळाले, जेमतेम तिसरा हिस्सा.

हा न्याय झाला का? अर्धाच झाला. काकांचा घाम काही स्वस्त नव्हता. पण धाकट्याला मिळाले ते पैसे खरे होते. त्या पैशांत त्याच्या घरचं कर्ज फिटलं. न्याय नसतोच, असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

आज आपण सुट्टी आहे म्हणून एकत्र बसलोय. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. मध्ये सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत किती जण म्हणाले असतील, "सोडा हो, काही होणार नाही"?

इथे युनियन नाही, संप करता येत नाही. त्या वाटेला जाऊ नका, नोकरी जाईल आणि घरी धाडतील. आपल्याकडे आहे तो कागद. कराराची प्रत, पगाराची नोंद, तासांची वही, आणि या सगळ्याचे फोटो घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर. पगार थकला तर कामगार मंत्रालयाचा ८००८४ नंबर आहे. एक लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्टाची फी लागत नाही. २०२४ पासून पन्नास हजारांपर्यंतच्या वादाचा निकाल मंत्रालयच देऊ शकतं. भाषा येत नसेल तर मित्राला सोबत घ्या, पण गप्प बसू नका.

आता माझ्यासारख्या सुपरवायझर आणि फोरमन मंडळींना एक विनंती. टाइमशीटवर सही आपली असते. वरून फोन येतो, "दहा तासांचे आठ लिही." तो फोन मलाही येतो. नकार दिला की वर्षअखेरीला वाढ अडते, हे मला ठाऊक आहे. तरी दहा असतील तर दहाच लिहा. कोर्टाच्या आधी कामगाराचा न्याय आपल्या पेनातून जातो.

मग जगात न्याय आहे का? तयार मिळत नाही, एवढं नक्की. पण जिथे कुणी मोजतो, लिहितो आणि मागतो, तिथे थोडा तरी मिळतो. आज खोलीवर गेलात की एक वही काढा आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.