मेंढ्यांची गणना आणि कुरणांचा प्रश्न

२०१२ च्या पशुगणनेत देशात ६.५१ कोटी मेंढ्या होत्या. २०१९ मध्ये त्या ७.४३ कोटी झाल्या. महाराष्ट्रातील वाढ मात्र चार टक्क्यांच्या आतच राहिली. माण, आटपाडी, जतच्या दुष्काळी मुलखातील मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन परमुलखात जातो, शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून खत देतो. परंतु गायराने अतिक्रमणांनी गिळली, वनजमिनींना कुंपणे पडली. चराईवाचून अनुदानाची मेंढीही अखेर बाजारातच जाते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. त्यावरील दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो, आणि परगावच्या मेंढपाळाला तेथे मत नसते. त्याची बाजू तेथे कार्यकर्त्यांनीच मांडली पाहिजे.