पाटी कोणाच्या नावाची?

(नवी मुंबईतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या समाजकार्य विषयातील पदव्युत्तर असून गटांसोबत काम करतात.)

आज मला 'नव्या व्यवसायासाठी वेबसाइट कशी काढावी' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. समोर बसलेल्यांपैकी काहीजणींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, की हा विषय आपला नाही, घरातल्या मुलांचा आहे. मीही तसंच समजत होते. त्या समजुतीची किंमत आमच्या एका गटाने मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

घणसोलीच्या बाजूचा दहाजणींचा गट. आगरी मसाला, कांदा-लसूण मसाला आणि सुक्या चटण्या करणारा. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. मसाला मार्केटमधून बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरच्या आणायच्या, उन्हात वाळवायच्या, देठं खुडायची, भाजायच्या आणि डंकावर कुटून आणायच्या. हाताची आग चार दिवस जात नाही. विक्री प्रदर्शनांतून व्हायची. २०२० साली टाळेबंदी आली आणि प्रदर्शनं बंद झाली. मग फोनवर ऑर्डरी सुरू झाल्या. एकीच्या भाच्याने सांगितलं, "मावशी, मी तुम्हाला वेबसाइट करून देतो, फुकट." गटाने मला विचारलं. मी म्हटलं, "छानच आहे की, करू दे."

त्याने केली. फोटो सुंदर काढले. मागणी वाढली. गटाने वेबसाइटचा पत्ता छापलेली दोन हजार पाकिटं करून घेतली. मुलगा प्रामाणिक होता, पैशाचा काडीचाही घोळ नव्हता. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी परदेशी गेला. वेबसाइटचं नाव त्याच्या नावाने नोंदलेलं, पासवर्ड त्याच्याकडे, आणि नूतनीकरणाच्या सूचना जायच्या त्याच्या जुन्या ईमेलवर. तो ते उघडतही नव्हता. ऐन एप्रिलमध्ये वेबसाइट बंद पडली. आम्हाला कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर, "धंदा बंद केला का तुम्ही?" मुलाचा पत्ता लागेपर्यंत मुदतीनंतरची सवलतही संपली होती आणि ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं होतं. दोन हजार पाकिटांवर हाताने चिकटपट्ट्या लावत बसलेल्या त्या बायका मला अजून दिसतात. त्यात माझाही दोष आहे. कर्जाच्या कागदावर कोणाचं नाव, हे मी दहादा तपासते. इथे एकदाही विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न नवा आहे का? आपण उभ्या आहोत त्या जमिनीलाच विचारू. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. त्या शेतात भात लावणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या बायका होत्या, पण सातबाऱ्यावर त्यांची नावं किती होती? मोबदल्याचा कागद नाव बघून येतो, घाम बघून येत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम घेतली, ती बायकोच्या नावे जमीन करून देण्यासाठीच. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. बँकेचं कर्ज त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने मिळालं, हेच त्या कामाचं मोठेपण. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जतमध्ये आजही काम करणाऱ्या भगिनीच मालकीण असतात. वेबसाइट हा याच मालिकेतला पुढचा कागद आहे.

आता वेबसाइट म्हणजे काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ. तिचे तीन भाग. पहिला भाग म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ही दुकानाची पाटी. ती विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळते. साध्या नावाला वर्षाला काहीशे ते हजार-बाराशे रुपये पडतात. मुदत संपली की थोडे दिवस सवलत, मग ते नाव कोणालाही घेता येतं. दुसरा भाग म्हणजे होस्टिंग, म्हणजे दुकानाचा गाळा, तोही भाड्याचाच. तिसरा भाग आतली मांडणी: फोटो, भाव, माहिती. मांडणी मुलाकडून, भाच्याकडून, पैसे देऊन कोणाकडूनही करून घ्या. पण पाटी आणि गाळा गटाच्या नावाने, गटाच्या ईमेलवर, गटाच्या पैशाने घ्या. पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीत लिहू नका, ती वही सगळीकडे फिरते. बंद पाकिटात घालून कुलपात ठेवा आणि दोन पदाधिकाऱ्यांना माहीत असू द्या. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदला, बँकेत सह्या बदलतो तसा. नूतनीकरणाची तारीख मात्र वहीत लिहा, कर्जाच्या हप्त्याशेजारी.

नाव देवनागरीतही घेता येतं. '.भारत' ही सोय २०१४ पासून आहे. पण बहुतेक गिऱ्हाइकं रोमन अक्षरंच टाइप करतात, म्हणून एक सोपं रोमन नाव आधी घ्या. आतला मजकूर मात्र मराठीत हवाच. आपला माल काय आहे हे आपल्याला वाचता आलं पाहिजे. आमच्या वेबसाइटवर त्या मुलाने लिहिलं होतं, 'आईच्या मायेने बनवलेला मसाला'. गटातल्या एकीला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी काय गिऱ्हाइकाची आई आहे? मी मजुरी लावते." आम्ही हसलो, पण तिचं खरं होतं. माया म्हटलं की भाव करायला लोकांना जोर येतो. नव्या वेबसाइटवर आम्ही लिहिलं: कोणत्या मिरच्या, किती वजन, कधी कुटला, किती दिवस टिकतो. भाव ठरवताना मिरची, कुटाई, पाकीट, कुरिअर आणि प्रत्येकीच्या तासांची मजुरी धरली. ही शेवटची ओळ आधीच्या हिशेबात नव्हतीच.

पैशाचंही तसंच. क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे? गटाचं खातं जोडायला कागदपत्रं लागतात, चार फेऱ्या होतात, म्हणून 'तोवर माझ्या नवऱ्याचा लावू' असं होतं. तो 'तोवर' वर्षभर संपत नाही. फेऱ्या मारा. पैसे गटाच्याच खात्यात येऊ द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि वेबसाइटवरही द्या. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान व्यवसायाला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण वेबसाइटला राज्याची हद्द नसते. बेळगावहून, पणजीहून ऑर्डर येते आणि आपण आनंदाने पार्सल पाठवतो. मसाल्यासारखा करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर आजच्या नियमाने पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. तेव्हा सुरुवातीला 'फक्त महाराष्ट्रात पाठवतो' असं स्पष्ट लिहा. मोठ्या ऑनलाइन बाजारातून राज्यातल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली आहे. त्यासाठी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. ग्राहक म्हणून आपल्याला ते पटतं. पण आमच्या गटात एक ताई आहे, मार सहन न होऊन मुलीला घेऊन घराबाहेर पडलेली. ती कुठे राहते हे नवऱ्याला कळू नये म्हणून तिने मुलीची शाळा बदलली. नव्या वेबसाइटसाठी 'आमच्या कारागीर' म्हणून दहाजणींचे हसरे फोटो काढायचं ठरलं. ती काही बोलली नाही. फोटोच्या दिवशी आली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, मी मसाला कुटीन, पण मला त्या फोनमध्ये घालू नका."

मला लाज वाटली. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर व्याख्यानं देते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही ठरवलं: पत्ता कोणाच्या घराचा नाही, संस्थेच्या खोलीचा. तिथल्या मंडळींची परवानगी घेऊन. फोन कोणाचा खासगी नाही. गटाचं वेगळं सिम, जे संध्याकाळी सातनंतर बंद होतं. कारण 'मसाला आहे का' असं विचारायला रात्री अकरा वाजता फोन करणारे पुरुष आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. फोटो फक्त जिला हवा तिचाच, आणि तिने विचार करायला एक आठवडा घेऊन. त्या ताईचा फोटो नाही. तिच्या हातांचाही नाही, कारण मनगटावर गोंदण आहे.

काहीजणी म्हणतील, एवढी कटकट, मग वेबसाइट नकोच. मी तसं म्हणत नाही. नव्या वेबसाइटने आमच्या गटाला प्रदर्शनाच्या स्टॉलवाचून पावसाळ्यात विक्री दिली. नेटाने नाव कमावणारी बाई कोणाच्या उपकाराखाली राहू नये, एवढंच माझं मागणं आहे. आज घरी गेल्यावर आपल्या गटाची वेबसाइट ज्याने केली असेल त्याला दोन प्रश्न विचारा: नाव कोणाच्या नावाने आहे, आणि मुदत कधी संपते? तो रागावला तर रागावू द्या. बँकेत हेच प्रश्न विचारताना आपल्याला एकेकाळी संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

आमच्या गटाची मुदत पुढच्या वेळी कधी संपते, ते मला विचारू नका. गटातल्या कोणत्याही बाईला विचारा. दहाहीजणींना पाठ आहे.