अनुदान घ्या, पण आधी शेताचा उतार पाहा

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात आपल्यापैकी बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, शेततळ्याला आता अनुदान किती मिळते?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधी स्वतःला विचारायचा एक प्रश्न आहे : माझ्या तळ्यात पाणी येणार कोठून? आज मी दोन्हींबद्दल बोलणार आहे.

प्रथम पैशाचे पाहू. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा खोदाईसाठी जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळत. २०२२ मध्ये ही कमाल मर्यादा ७५ हजार रुपये झाली. मात्र तळ्याच्या आकारमानाप्रमाणे रक्कम कमी होते. प्लॅस्टिक अस्तर ही वेगळी बाब आहे, त्याचा खर्च खोदाईच्या रकमेत धरू नका. ठिबक संचासाठी केंद्राचे आणि राज्याचे पूरक अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के साहाय्य ठरले आहे. ही टक्केवारी शासनाने ठरवून दिलेल्या खर्चावर काढतात, दुकानदाराच्या बिलावर नाही.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पूर्वसंमती हातात येण्याआधी कामाला हात लावू नका. आधी केलेले काम अनुदानास पात्र ठरत नाही. दुसरे, पैसे काम झाल्यावर, मोजमाप आणि तपासणी होऊन, आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. म्हणजे खोदाईचे बिल आधी आपल्या खिशातून जाते. अनुदान येणारच आहे म्हणून व्याजाने पैसे काढले, तर अनुदानाचा एक वाटा सावकाराच्या घरी जातो.

आता पाण्याचा हिशेब करू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात, बाजूंना १:१ उतार दिल्यास, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. ५० मिलिमीटरचा दमदार पाऊस झाला, तर हेक्टरी ५ लाख लिटर. त्यातले चौथा हिस्सा वाहून आले असे धरले, तर तळ्यात सव्वा लाख लिटर येईल. तळ्याच्या वरच्या अंगाला चार हेक्टर पाणलोट असेल, तर असे चार-पाच पाऊस तळे भरतील. एकच हेक्टर असेल, तर सतरा-अठरा पाऊस लागतील. आपल्या अवर्षणप्रवण भागात असे पाऊस एका हंगामात होतात का, हे मी सांगायला नको.

हा हिशेब मी पुस्तकात शिकलो होतो, तरी घरी चुकलो. २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या शेतात तळे घेतले. जागा मीच दाखवली. वरच्या कोपऱ्यातली मुरमाड जमीन पिकत नव्हती, म्हटले तीच तळ्याला देऊ. वरून पाणी येईल असे काहीच नव्हते आणि जे आले ते मुरमाने गिळले. मग प्लॅस्टिक अंथरले आणि वडिलांनी विहिरीवरची मोटार लावून तळे भरले. त्या वर्षी उन्हाळी कांदा चांगला दिसू लागला. पण माघ संपता संपता विहिरीने तळ गाठला. शेजारी चुलत्यांची विहीर आमच्या आधी आटली होती. त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्यांचा गहू ओंबीत असताना वाळला तो मी पाहिला आहे. अनुदान आम्हाला मिळाले होते, कागदही बरोबर होते. चूक जागेची होती.

योजनेत पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची शेततळी होती. पावसाचे वाहते पाणी साठवायचे असेल, तर वाट असलेलेच तळे घ्या. विहिरीचे पाणी उपसून उघड्यावर उन्हात ठेवणे म्हणजे नवे पाणी मिळवणे नव्हे. उलट त्यातले काही वाफ होऊन जाते आणि जमिनीखालचे साऱ्यांचे पाणी एका तळ्यात येते.

आणि तळे ही शेवटची पायरी आहे. कामाची सुरुवात माथ्यापासून करावी. उताराला आडवी नांगरट आणि पेरणी करा. पेरणीनंतर ठरावीक ओळींनंतर सरी काढा किंवा रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा. यालाच आपण मूलस्थानी जलसंधारण म्हणतो. याला पूर्वसंमती लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, तशीच शिवारातून बांधबंदिस्तीही केली. तेच बांध पुढे आपण दरवर्षी थोडे थोडे कोरले. सरकारी पैशाने झालेले काम टिकवणे सरकारच्या हातात नसते, ते नांगर धरणाऱ्याच्या हातात असते.

फळबाग योजनेने ही गोष्ट चांगली ओळखली आहे. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे ठेवले. त्यासाठी पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असण्याची अट घातली. तळ्याला अशी अट नाही. ती आपणच आपल्याला घालून घ्यावी.

म्हणून अर्ज करण्याआधी एवढे करा. पुढचा मोठा पाऊस चालू असताना डोक्यावर पोते घेऊन शेतात जा. पाणी कोठून येते, कोठे वळते, कोणत्या बांधाखालून निसटते, ते पाहा आणि तेथे खुंट्या ठोका. माती खोदून मुरूम किती खाली लागतो ते बघा. मग कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांना आखणीसाठी बोलवा आणि त्या खुंट्या दाखवा. पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवण्याचा खड्डा व बाहेर पडण्याच्या जागी दगडी पिचिंग विसरू नका. शेजाऱ्यालाही विचारा, पाणी त्याच्याही शेतातून येते.

या साऱ्या उत्तरांनंतरही जागा योग्य वाटली, तर तळे जरूर घ्या. जागा सापडली नाही, तर ७५ हजार रुपयांचा मोह सोडा आणि ठिबक, बांधबंदिस्ती यांकडे वळा. न घेतलेल्या अनुदानाने कोणाचे पीक वाळत नाही.