निवृत्तिवेतन थोडे, पण आपल्या हातचे

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



मारुतीरायाच्या देवळाचे काम पूर्ण होऊन शिखरावर कळस चढला, हे आपणा सर्वांचे भाग्य होय. अशा मंगल प्रसंगी तालुका कचेरीतल्या एका साध्या कारकुनाने काय बोलावे, असा मला प्रश्न पडला होता. परंतु समितीने सांगितले की, कचेरीत रोज वयस्कर माणसे कागद घेऊन तुमच्याकडे येतात, त्यांच्या उपयोगाचे दोन शब्द सांगा. म्हणून थोड्या निवृत्तिवेतनात काटकसरीने व समाधानाने कसे राहावे, यावर मी अल्पमतीप्रमाणे बोलणार आहे.

आपल्या भागातील कितीतरी घरांचे कर्ते पुरुष सोलापूरच्या गिरण्यांत राबले. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी बंद पडली, पुढे बाकीच्या मोठ्या गिरण्याही एकामागून एक थांबल्या. ज्या शहराचे घड्याळ भोंग्यावर चालत होते, तेथला भोंगा गेला. आयाबहिणींनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या व घरे चालविली. या कष्टकऱ्यांच्या म्हातारपणी आधार काय? तर भविष्य निर्वाह निधीची १९९५ सालची पेन्शन योजना. तिचा हिशेब साधा आहे. १९९५ नंतरच्या नोकरीसाठी, सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. म्हणजे पगार ३५०० रुपये आणि पेन्शनसाठी धरलेली नोकरी २० वर्षे असेल, तर महिना १००० रुपये. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरविली, तीही १००० रुपयेच.

मंडळी, हजार रुपयांत आनंदाने राहा, असा उपदेश भरल्या पोटी करणे ही गरिबाची थट्टा आहे. पेन्शन वाढावी म्हणून जे वृद्ध मोर्चे काढतात, त्यांचे मागणे रास्तच आहे. समाधानी राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. माझे म्हणणे एवढेच की, जे थोडे मिळते ते आपल्या हातात राहिले, तर म्हातारपण ताठ मानेने जाते. आणि तेच दुसऱ्याच्या हाती गेले, तर मोठी पेन्शनही अपुरी पडते.

आपल्याच गावात गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. पेन्शन जेमतेम, दोन एकर कोरडवाहू रान, घरात नवराबायको दोघेच. ज्वारी घरची, शेंगा घरच्या. एकदा कडक भाकरी करून ठेवली की पुष्कळ दिवस चुलीचा खर्च नाही. आमटीत कुस्करली की जेवण झाले. रेशनचे धान्य ते वेळेवर आणतात. सोलापूरला दवाखान्यात जायचे तर वयाची ७५ पूर्ण असल्याने एस.टी.चा प्रवास फुकट. ही सवलत ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. रक्तदाबाच्या गोळ्या ते जनऔषधी दुकानातून घेतात, तेथे तेच औषध पुष्कळ स्वस्त पडते. पेन्शन आली की पहिली रक्कम औषधाची बाजूला काढायची, दुसरी किराणा-दुधाची, आणि उरेल त्यातून देवधर्म व पाहुणा. उधारीची वही त्यांच्या घरी नाही, जमाखर्चाची मात्र आहे. संध्याकाळी ते देवळाच्या पायरीवर बसतात, तेव्हा कोणाची नजर चुकवावी लागत नाही. याला मी श्रीमंती म्हणतो.

याउलट जे कचेरीत पाहावे लागते ते दुःखद आहे. पेन्शनचे बँक पुस्तक आणि कार्ड दुसऱ्याच्या खिशात असते, आणि ज्याने आयुष्यभर कष्ट केले त्याला तंबाखूच्या पुडीसाठी हात पसरावा लागतो. नातीच्या लग्नात मानपान करावा म्हणून म्हातारा सावकाराकडे जातो. जमीन तर एका सहीने मुलाच्या नावावर होते, आणि पुढे ताट वाढताना सुनेचा चेहरा पाहावा लागतो. सर्वच मुले अशी नसतात, बहुतेक चांगलीच असतात. तरीपण व्यवहार व्यवहाराच्या जागी असावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहिलेली असेल आणि ती पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. अट लिहायला एक ओळ लागते. न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांत साहेबांकडे निर्वाहासाठी अर्जही करता येतो.

दुसरी गोष्ट कागदांची. आधार कार्डावर, बँकेत आणि पेन्शनच्या कागदावर नाव व जन्मतारीख एकच असावी. बायकोचे नाव लावलेले असावे, म्हणजे नवऱ्यामागे तिला पेन्शन सुरू होण्यास अडचण येत नाही. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. गिरणी व विडी कामगारांचा दाखला दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. सरकारी नोकरांनी तो नोव्हेंबरात द्यायचा असतो. विड्या वळून, खुरपे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्रावर उमटत नाही. जिवंत माणूस समोर बसलेला असतो आणि यंत्र त्याला ओळखत नाही. त्यांनी खचून जाऊ नये. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो.

आता देवाविषयी. सोलापूरच्या श्री सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांसाठी तळे खोदविले आणि श्रमालाच पूजा मानले. माढा तालुक्यातील अरणच्या सावता महाराजांनी मळ्याचे काम सोडले नाही. आपल्या मातीतले संत असे आहेत. श्रम ज्याने केले, त्याची देवाकडे बाकी राहत नाही. म्हणून माझ्या वृद्ध बंधू-भगिनींना हात जोडून सांगतो, औषधाच्या पैशातून वर्गणी देऊ नका. मारुतीरायाला शनिवारची तेलाची धार पुरते.

आणि समितीला माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, स्मरणिकेत पाच हजारांच्या देणगीदाराचे नाव व अकरा रुपयांच्या देणगीदाराचे नाव एकाच अक्षरात छापावे. दुसरी, ज्यांचा चरितार्थ केवळ पेन्शनवर आहे त्यांच्याकडे यापुढे वर्गणीचे पावतीपुस्तक नेऊ नये. त्यांची सांजवात, झाडलोट, पोथीवाचन हीच वर्गणी समजावी. तिसरी, वर्षातून एक दिवस नव्या सभामंडपात शिकलेल्या मुलांनी मोबाईल घेऊन बसावे आणि गावातील प्रत्येक वृद्धाचा हयातीचा दाखला व कागदपत्रे पाहून द्यावीत. मी स्वतः त्या दिवशी रजा काढून येईन.

देवळाचा कळस आपण वर्गणी काढून चढविला. ज्यांच्या कष्टावर हे गाव उभे आहे, त्यांची मान ताठ ठेवण्यास वर्गणीही लागत नाही. 

बजरंग बली की जय!