नाटक नव्हे, आजार

आज आम्ही अल्झायमरच्या सुरुवातीबद्दल बोलणार आहोत. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली हा आजार पहिल्यांदा मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव. नाव परकं असलं तरी आजार आपल्या घरातलाच आहे.

समजा, आमच्या मीरा-भाईंदरमधल्या उत्तनची एक मावशी चाळीस वर्षं मासळी विकते. भाव, वाटे, उधारी, सगळं तोंडपाठ. हल्ली सुटे पैसे देताना ती अडखळते. एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारते. भाईंदर स्टेशनवरून घरची बस कुठे मिळते, ते तिला सुचत नाही. लग्नातली जुनी गाणी मात्र सगळी येतात. मग घरचे म्हणतात, “नाटक करते. जुनं आठवतं, मग सकाळचं कसं आठवत नाही?”

बायांनो, हे नाटक नाही. आपल्या मेंदूत, कानाच्या पातळीला खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. नवी आठवण पक्की करायचं काम त्याचं. या आजारात पेशींच्या बाहेर अमायलॉइड आणि पेशींच्या आत टाऊ नावाची प्रथिनं साचतात. पेशी मरू लागतात आणि हा भाग लवकर आकसतो. म्हणजे वहीची जुनी पानं शाबूत असतात, पण नवं लिहिलं जात नाही. हा बिघाड लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेला असतो.

चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळ्याच विसरतो, आणि मग आठवतंही. पण रोजचा हिशेब, नेहमीचा रस्ता, हातखंडा स्वयंपाक चुकू लागला, तर “वय झालं” म्हणून सोडू नका. आधी डॉक्टर गाठा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा मनाची उदासी यांनीही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही. पण लवकर कळला तर औषधांनी काही काळ आधार मिळतो. मुख्य म्हणजे पैसा, जमीन, देखभाल याबद्दल मावशीची इच्छा तिलाच विचारता येते. उशीर झाला की तिचा अंगठा दुसराच कोणी घेतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हा त्याचाच सर्वांत मोठा प्रकार. प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त आहे. म्हणून रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर कान तपासा, चालत राहा, चारचौघींत मिसळा.

घरात असं कोणी असेल तर वाद घालू नका, परीक्षा घेऊ नका. तेच उत्तर पुन्हा शांतपणे द्या. सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका. मुलांनी, लेकींनीही पाळी लावावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तो सगळ्याजणी लिहून घ्या, आणि आपल्या गल्लीत कोणाची मावशी हल्ली अडखळते आहे का, तेही एकमेकींना विचारा.