पाना उचलण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आमच्या आयटीआयमध्ये येणारे पालक आधी इलेक्ट्रिशियन विचारतात, मग फिटर. दहावी पास मुलाला ‘मेकॅनिक डिझेल’ हा एका वर्षाचा ट्रेडही घेता येतो, असं सांगितलं की चेहरा उतरतो. ‘म्हणजे गॅरेजच ना?’ हो, गॅरेजच. पण मेस्त्रीच्या शिव्या खात, पाने पुसत शिकायचं ते हायवेवरचं गॅरेज आता पुरं पडत नाही.

मेस्त्रीची विद्या कमी नव्हती, बरं का. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली की फिल्टरवरचा स्क्रू जरा सैल करायचा आणि हँडपंप मारत राहायचा. आधी फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. जुन्या इंजिनावर हे मी मुलांना सुरुवातीलाच करायला लावतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं, हे फळ्यापेक्षा माखलेल्या हातांना लवकर कळतं.

पण तोच हात नव्या ट्रकवर सैल सोडून चालत नाही. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब आठ-नऊ बार; कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब १६०० बारच्याही वर जातो. चालू इंजिनाचा पाइप सैल केला किंवा गळती बोटानं चाचपली, तर धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जायची वेळ येते. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठा धरून.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि दुखण्यांची जातच बदलली. ‘गाडी ओढत नाही’ म्हटलं की पोरं पंपाकडे धावतात. पुष्कळदा धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी रिकामी असते आणि गाडीतल्या कॉम्प्युटरनंच इंजिनाची ताकद उतरवलेली असते. स्कॅनर लावा, कोड वाचा, पाना उचलावाच लागत नाही. अर्थात कोड सेन्सरकडे बोट दाखवतो. वायर उंदरानं कुरतडली आहे, हे वाकून बघणाऱ्यालाच दिसतं.

ही नजर आयटीआयच्या एका वर्षात येणं अवघड. ती हायस्कुलातच रुजायला हवी. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांच्या हाती शाळेतच अवजारं देतो. आठवीत मोजपट्टी धरलेला मुलगा आमच्याकडे आला, तर फट मोजायचा फिलर गेज त्याला परका वाटत नाही. मुलींनाही हा ट्रेड खुला आहे, आणि टॅपेट सेट करायला दंडापेक्षा धीर जास्त लागतो.

प्रवेश घेताना इमारत बघू नका. वर्कशॉपमध्ये जा. रंगवून स्टँडवर ठेवलेलं, कापून आतले भाग दाखवणारं इंजिन सगळीकडे असतं. चालू होणारं कॉमन रेल इंजिन आहे का, स्कॅनर कपाटाबाहेर निघतो का आणि एका इंजिनाभोवती किती मुलं उभी असतात, एवढं विचारा.