तिकिटावरची बाई
(नाशिकच्या मेळाव्यातलं भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो. इंग्रजानं आपल्या बापजाद्यांना पलटणीत घेतलं, बंदूक दिली, अक्षर दिलं, हे आपण अभिमानानं सांगतो. खरंय ते. पण त्याच लष्करानं बायांचं काय केलं, ते कुणी बोलत नाही. आज तेच बोलतो.

तुमच्या उशाला देवळालीची छावणी. मुंबई बंदरात उतरलेला गोरा सोल्जर आगगाडीनं इथं यायचा. लष्करात फार थोड्यांना लग्नाची परवानगी. सोल्जरचा संसार सरकारला परवडत नव्हता, बाई मात्र हवी होती. मग १८६४ चा छावण्यांचा कायदा आला. बाजारातल्या बाईचं नाव रजिस्टरात. हातात तिकीट. ठरल्या दिवशी डॉक्टरपुढं सक्तीची तपासणी. रोग निघाला की लॉक हॉस्पिटलात डांबायचं. १८६८ च्या कायद्यानं हेच शहरांत आणलं. मुंबईत १८७० ला लागू, १८७२ ला बंद, १८८० ला पुन्हा सुरू.

आणि सोल्जरची तपासणी? ती नको, त्याचा अपमान होतो म्हणे! म्हणजे रोग दोघांचा, कोठडी एकटीला. मनूचा कायदा याहून वेगळा काय होता?

१८८६ ला लष्कराच्या मुख्य कचेरीतून परिपत्रक निघालं : पलटणीच्या बाजारात बाया पुरेशा ठेवा, दिसायला बऱ्या ठेवा. सरकारनं शिक्का मारून भडवेगिरी केली. विलायतेत जोसेफाइन बटलरच्या चळवळीनं रान उठवलं. १८८८ ला कायदा गेला, पण छावण्यांत तपासणी चालूच. १८९१-९२ त अँड्र्यू आणि बुशनेल या दोन अमेरिकन बायका छावण्या हिंडल्या, त्या बायांशी बोलल्या, तेव्हा हे उघडं पडलं.

रजिस्टरात रोग लिहिला. भूक कुणी लिहिली नाही.

गोदीच्या गेटवर मीही पास दाखवतो. पण तो कामाचा. पाळी सुटली की अंग माझं. तिचं तिकीट अंगावरच फाडलेलं. तिची पाळी कधी सुटायची?

१६ जून १९३६ ला बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींपुढं भाषण केलं. धंदा सोडा म्हणून कडक बोलले. पण माणूस समजून, समोर बसवून बोलले.

आता आपलं बघा. आपल्या कवितेत कामाठीपुरा फार येतो. त्यातली बाई बोलते का? का नुसती जखम म्हणून, शिवी म्हणून येते? तसं असेल तर गोऱ्याचं रजिस्टर अजून मिटलेलं नाही, आपणच पुढची पानं भरतोय.

ते रजिस्टर फाडा, दोस्तहो. आणि तिला बोलू द्या.

जयभीम.